पोटफोड्या ष

साहेबराव खंडागळ्यांनी एका माणसावर पंधरा वर्षं डूख धरला होता. तो फेडायला त्यांना एक कागद हवा होता, आणि तो कागद त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता.

तसं चिखलीत कोणालाही विचारा, साहेबराव म्हणजे सरळमार्गी माणूस असंच सांगेल. वय अठ्ठावन्न. सकाळी विहारापुढून चालत जाऊन बस धरायची, आकुर्डीत टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात दिवसभर फायली लावायच्या, संध्याकाळी घरी मेथी निवडत बातम्या ऐकायच्या. कोणाशी वाकडं नाही. शेजारच्या गिरजाबाई एकदा म्हणाल्या, "भाऊजींना राग म्हणून येतो का हो कधी?" तेव्हा साहेबरावांच्या बायकोने, सोजराबाईने, भाजीतली काडी काढता काढता सांगितलं, "एकदाच आलाय. पण आल्यापासून गेलाच नाही."

ऑफिस ज्ञानेश नावाच्या तरुण इंजिनिअरचं होतं आणि तिथलं काम जरा निराळं होतं. कारखान्यांत किरणोत्सारी वस्तू असतात हे बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं. बंद टाकीत माल किती भरलाय ते उघडून न बघता कळावं म्हणून टाकीच्या बाहेर एक जाड शिशाचा डबा बसवतात. त्यात ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा असतो. डब्याची झडप उघडली की त्यातून किरणं आरपार जातात आणि पलीकडचं यंत्र मालाची पातळी सांगतं. किरणांना रंग नाही, वास नाही, आवाज नाही. म्हणून त्यांच्याभोवती कागदच कागद असतात. ज्ञानेश मोजमाप करायचा, आणि कागद साहेबराव सांभाळायचे.

असल्या लहान यंत्रांची पूर्वी नुसती नोंद ठेवली की भागायचं. मग सरकारने नियम बदलले. आता लहान-मोठं काहीही असो, मालकाच्या नावाने परवाना हवा. सगळ्यांचे अर्ज एकदम आले तर तुंबतील, म्हणून परवाना देणाऱ्या मंडळाने तीन टप्पे पाडले. सर्वांत जोरकस स्रोत पहिल्या टप्प्यात, मधले दुसऱ्यात, आणि लहान डबेवाले तिसऱ्यात. तिसऱ्या टप्प्याची शेवटची तारीख एकतीस मार्च दोन हजार पंचवीस. त्या दिवसापर्यंत पूर्ण अर्ज पोचला नाही तर झडप बंद करून कुलूप.

पत्रक आलं त्या दिवशी ज्ञानेशने विचारलं, "काका, आपल्याला सगळ्यात जास्त काम कुठल्या टप्प्यात लागेल?"

"तिसऱ्या," साहेबराव ताबडतोब म्हणाले.

खरं तर कामाचा अंदाज त्यांनी बांधलाच नव्हता. त्यांनी एवढंच पाहिलं होतं की निघोज्याच्या अण्णासाहेबांच्या फाउंड्रीतला, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यातला, डबा तिसऱ्या टप्प्यात येतो. आणि अर्जातला चौदावा मुद्दा त्यांनी दोनदा वाचला होता: 'यंत्र बसवल्यापासूनचे सर्व मात्रा-अहवाल, पूर्ण पानांसह. प्रत्येक पानावर मालकाची सही व शिक्का.'

त्यांनी पत्रक फायलीला लावलं. पहिला टप्पा गेला, दुसरा गेला. दोन वर्षांत कितीतरी कारखान्यांच्या फायली त्यांच्या हातून गेल्या आणि एकही परत आली नाही. लोक म्हणायचे, खंडागळे काकांचा हात लागला की अर्ज पास. साहेबराव मान हलवायचे आणि थांबायचे. साप बिळापाशी थांबतो तसे.

साहेबरावांचे वडील बहात्तरच्या दुष्काळात भूम तालुक्यातून पिंपरीला आले. दुष्काळ हे चारचौघांत सांगायचं कारण. घरात ते वेगळंच सांगायचे: "हितं नळाला तोंड लावलं तरी कुणी इचारत न्हाई, तू कुणाचा म्हून." एवढ्यासाठी त्या माणसाने गाव सोडलं आणि जन्मभर एका कंपनीत हमाली केली. मुलाला आयटीआयला घातलं. इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होऊन, काही वर्षं इतरत्र काम करून साहेबराव दोन हजार साली निघोज्याच्या फाउंड्रीत लागले.

अण्णासाहेब गावातल्या जुन्या घराण्यातले. जमिनी कंपन्यांना गेल्या, त्यातून त्यांनी फाउंड्री उभी केली. साहेबरावांना ते कधी नावाने हाक मारत नसत. "खंडागळ्या" म्हणत. "कंपनीत साहेब एकच," असं सगळ्यांपुढे सांगत. "दोन झालं तर मशिनं कुनाचं ऐकायची?" लोक हसायचे. साहेबरावही हसायचे. नऊ वर्षं हसले.

फाउंड्रीत वाळूचा मोठा हॉपर, म्हणजे नरसाळ्यासारखी टाकी, होता आणि त्याच्या पोटाशी तो शिशाचा डबा. कामगार त्याला मडकं म्हणत. हॉपरमध्ये वाळू अडकली की कंत्राटी माणसं पहारी घेऊन आत उतरत, आणि ती उतरण्याआधी मडक्याची झडप बंद करणं हे साहेबरावांचं काम. दोन हजार नऊच्या दिवाळीआधी ती झडप अर्ध्यावर अडकली. साहेबरावांनी लॉगबुकात लिहिलं, शिडीला लाल टेप बांधली आणि माणसं आत सोडायला नकार दिला.

"दोन मिन्टात जाऊन येत्यात की," अण्णासाहेब म्हणाले. "चुलीत घालतोय का त्यास्नी?"

"झडप बंद होत नाही तोवर नाही, साहेब."

दुरुस्तीवाला येईपर्यंत दीड दिवस साचे बंद राहिले. अण्णासाहेब त्या दीड दिवसात साहेबरावांशी एक शब्द बोलले नाहीत. तेव्हाच साहेबरावांना कळायला हवं होतं.

किरणांजवळ काम करणाऱ्याच्या खिशाला एक चौकोनी बॅज असतो. अंगावर किती मात्रा पडली ते तो टिपतो. दर तीन महिन्यांनी तो लॅबकडे जातो आणि तिथून अहवाल येतो. काम संपलं की साहेबराव आपला बॅज प्लास्टिकच्या पाकिटात घालून अण्णासाहेबांच्या केबिनमधल्या ड्रॉवरमध्ये ठेवत. मडक्यापासून लांब म्हणून ती जागा. ड्रॉवरची किल्ली अण्णासाहेबांच्या कमरेला. त्याच पाकिटात आणखी एक बॅज असे. त्यावर कोणाचंच नाव नसे. तो कंट्रोल बॅज. तो कोणी लावायचा नाही, नुसता जागेवर ठेवायचा, म्हणजे त्या जागेवर मुळात किती मात्रा असते ते लॅबला कळतं.

दिवाळीला फाउंड्री पाच दिवस बंद होती. सुट्टीनंतर साहेबरावांनी पाकीट उघडलं तेव्हा आत चिमूटभर काळी वाळू होती. केबिनमध्ये वाळू कुठून आली, असं मनात आलं त्यांच्या. पण त्यांनी ती फुंकून टाकली आणि बॅज खिशाला लावला. पुढे पंधरा वर्षं ती फुंकर त्यांना झोपेत आठवायची.

जानेवारीत अहवाल आला. साहेबरावांच्या नावापुढे वर्षाला चालते त्याच्या तिप्पट मात्रा. अण्णासाहेबांनी त्यांना केबिनमध्ये उभं केलं आणि अहवालाचं पान पुढे धरलं. एकच पान.

"दुसऱ्याला आत जाऊ देत न्हाईस आन स्वता मडक्याला मिठी मारतोस व्हय? लिही खुलासा. 'माझ्या निष्काळजीपणामुळे.'"

"साहेब, मी झडप उघडी असताना कधी गेलो नाही."

"मग ह्ये आभाळातनं पडलं? लिही. न्हाईतर गेटच्या भाइर हो, आन किरनं लागलेल्या मानसाला कोन कामावर घेतंय त्ये मी बघतो."

साहेबरावांनी लिहिलं. 'निश्काळजीपणामुळे' असं लिहिलं. अण्णासाहेबांनी कागद फाडला.

"पोटफोड्या ष कुठंय? साधा श लिवतोय. सवलतीतनं पास झालास व्हय रं? पुन्ना लिही."

दुसऱ्यांदाही चुकलं, कारण आता अक्षर दिसतच नव्हतं. तिसऱ्यांदा बरोबर आलं.

मग त्यांना गेटवर बसवलं. फाउंड्रीत गोष्ट पसरली की खंडागळ्याच्या अंगात किरणं आहेत. डॉक्टरांनी रक्त तपासून काही नाही म्हणून सांगितलं, पण चिठ्ठी कोण वाचतो? आठवड्याभरात कॅन्टीनमध्ये त्यांच्यासाठी वेगळा ग्लास आला. ओळखू यावा म्हणून त्याला लाल टेप लावली होती, त्यांनीच शिडीला बांधलेल्या रिळातली. वाढपी तो ग्लास हाताने देत नसे. फूटपट्टीने टेबलावरून सरकवत असे.

तीन महिन्यांनी साहेबरावांनी नोकरी सोडली. वडिलांनी कारण विचारलं. साहेबरावांनी काहीतरी थातूरमातूर सांगितलं. लाल टेपच्या ग्लासाबद्दल त्या माणसाला सांगायची त्यांची जीभच रेटेना. पुढच्या वर्षी वडील गेले, आणि सांगायचं राहिलं ते राहिलंच.

सहा वर्षं त्यांनी चिखलीतल्या वर्कशॉपांमध्ये पडेल ते काम केलं. मग ज्ञानेशकडे लागले. पहिल्याच आठवड्यात ज्ञानेश त्यांना अहवाल कसा वाचायचा ते समजावत होता. "प्रत्येक अहवालाची दोन पानं असतात काका. पहिल्यावर माणसं, दुसऱ्यावर कंट्रोल बॅज. कंट्रोलवर काही आलं असेल तर पहिल्या पानाला अर्थ नाही. काका, ऐकताय ना?"

साहेबराव ऐकत होते. पण त्यांच्या डोळ्यांपुढे पाकिटातली काळी वाळू होती. एक बॅज मडक्यापाशी नेला असता तर तो एकटा गेला असता. वाळू पाकिटात होती. म्हणजे पाकीटच्या पाकीट मडक्याला टांगलं होतं, दोन्ही बॅजसकट. म्हणजे कंट्रोलवरही मात्रा आली असणार, आणि ती सांगणारं दुसरं पान होतं. ते त्यांना दाखवलं नव्हतं.

त्यांनी लॅबला पत्र लिहिलं. उत्तर आलं की जुने अहवाल फक्त संबंधित कारखान्यालाच मिळतात. म्हणजे जगात ते पान साहेबरावांसाठी एकाच ठिकाणी होतं, अण्णासाहेबांच्या कपाटात. आणि ते कपाट उघडायला लावणारा माणूस जन्माला यायचा होता. माणूस आला नाही. नियम आला.

दोन हजार पंचवीसच्या जानेवारीत विक्की फाइल घेऊन आला. अण्णासाहेबांचा मुलगा, तिशीतला, स्वच्छ शर्ट, बोलायला गोड. साहेबरावांचं नाव त्याला माहीत असायचं कारण नव्हतं. तो तेव्हा शाळेत होता.

"काका, बघून घ्या ना. तुमचा हात लागला की पास होतं म्हणतात."

साहेबरावांनी चाळली. सगळ्या अहवालांची फक्त पहिली पानं. त्यांनी लाल पेनने लिहिलं, 'मुद्दा चौदा. पान दोन नाही.'

"दुसऱ्या पानावर काही नसतंच काका. नुसतं कंट्रोल."

"नसलेलंही लावायचं," साहेबराव म्हणाले.

तीन आठवड्यांनी विक्की दोन खोकी घेऊन जिना चढला. घामाघूम झाला होता. "सगळं कपाटच उचलून आणलंय. बाबा म्हणत होते जुनं जाळून टाक. मी म्हटलं थांबा, चौदा नंबरला लागतंय."

साहेबरावांनी त्याला खाली चहाला पाठवलं आणि खोकी उघडली. वर्षवार गठ्ठे लावायला घेतले. दोन हजार नऊच्या गठ्ठ्यात ते पान मधोमध दुमडलेलं होतं. कडा पिवळ्या, एका कोपऱ्यावर झुरळांचे ठिपके. त्यांनी ते उलगडलं आणि टेबलावर सरळ केलं.

'कंट्रोल बॅजवरही तितकीच मात्रा आढळते. बॅज कोठे ठेवले होते ते कळवावे. तोपर्यंत पान एकवरील आकडा तात्पुरता समजावा.'

तीन वाक्यं होती. एका आकड्यातून दुसरा वजा केला की साहेबराव खंडागळ्यांच्या अंगावर शून्य उरत होतं. हे शून्य पंधरा वर्षं निघोज्याच्या कपाटात पडून होतं.

विक्की चहा पिऊन आला तेव्हा साहेबरावांनी पानांवर क्रमांक टाकून ठेवले होते. त्या पानाचा क्रमांक अडतीस.

"प्रत्येक पानावर सही आणि शिक्का."

"मी केली तर चालेल?"

"परवाना कोणाच्या नावाने मागताय?"

"बाबांच्याच. कंपनी अजून त्यांच्या नावावर आहे."

"मग त्यांचीच लागेल."

त्या संध्याकाळी त्यांनी ज्ञानेशला सगळं सांगितलं. लपवून काम करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ज्ञानेशने फाइल आपल्याकडे ओढली.

"मग ही फाइल मी बघतो, काका."

"बघा. मी मागितलेला एक तरी कागद नियमाबाहेरचा सापडला तर मला हाकलून द्या."

ज्ञानेशने फाइल घरी नेली. दुसऱ्या दिवशी परत आणून साहेबरावांच्या टेबलावर ठेवली. "एकही नाही," तो म्हणाला, आणि वर पाहिलं नाही.

घरी सोजराबाईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही. "म्हंजे घावलं का ते?"

"घावलं."

"मामंजी असायला पायजे होते." मग थोड्या वेळाने, "तुमी आता त्याला सोडायलाव का काय?"

"नाही."

"मग जेवा पोटभर."

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात जिन्यावर काठी वाजली. ज्ञानेश बाहेर मोजणीला गेला होता. अण्णासाहेब दारात उभे राहिले. वय चौऱ्याहत्तर, अंग उतरलेलं, पण पांढरं धोतर आणि टोपी तीच. काखेत फाइल.

"जयभीम, साहेबराव."

नऊ वर्षांच्या नोकरीत त्या तोंडातून कधी जयभीम निघाला नव्हता आणि साहेबरावही निघाला नव्हता. आज एका दमात दोन्ही निघाले.

"नमस्कार. बसा."

"जिना लई उभा हाय तुमचा."

"चढावं लागलं की कळतं."

अण्णासाहेब खुर्चीत टेकले. धाप लागली होती. "वाईच पानी मिळंल का?"

साहेबराव उठले. ग्लास भरला. अपूर्ण फायलींना लावायची लाल टेप टेबलावरच होती. तिचा बोटभर तुकडा फाडून त्यांनी ग्लासाला चिकटवला. मग फूटपट्टी घेतली आणि ग्लास हळूहळू टेबलाच्या पलीकडे सरकवला. हे त्यांनी मनात किती वेळा केलं होतं.

अण्णासाहेबांनी ग्लास उचलला, घटाघटा प्यायले आणि धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. टेप त्यांनी पाहिलीही नाही. पट्टी दिसली असेल, पण तिचा अर्थ त्यांच्या डोक्यात कुठे शिल्लकच नव्हता. ज्या ग्लासामुळे साहेबरावांच्या गळ्याखाली पंधरा वर्षं पाणी नीट उतरलं नाही, तो ज्याच्या कॅन्टीनमधला होता त्याला आठवतही नव्हता. साहेबरावांच्या मनात वयाची, काठीची जी काही भीड होती ती तिथे संपली.

"ह्ये अडतीस नंबरचं पान," अण्णासाहेबांनी फाइल उघडली. "ऱ्हाऊ दे की बाजूला. पंधरा वर्सं झाली. कोन बघतंय आता?"

"मी बघतोय."

"तुजं म्हननं तरी काय हाय?" तुमचं गेलं आणि तुजं आलं.

"माझं काही नाही. चौदाव्या मुद्द्यात 'पूर्ण पानांसह' असं लिहिलंय."

"तुज्या पोरीच्या नोकरीचं बघतो. दिव्या ना नाव तिचं? विक्कीच्या लई वळखी हायेत."

"ती हिंजवडीला लागलीय. दोन वर्षं झाली."

"मग पायजे काय तुला?"

"सही."

अण्णासाहेबांनी पानाकडे पाहिलं, साहेबरावांकडे पाहिलं, आणि मनाशी काही ठरवलं. मग चटकन सही मारली, शिक्का मारला. एवढ्या मोठ्या बाडातलं एक पान कोण उलगडून वाचतो, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. "घे. झालं?"

"एक बाकी आहे. या पानावर लॅबने विचारलंय, बॅज कुठे ठेवले होते. त्याचं उत्तर गेलेलं नाही. जुना प्रश्न अनुत्तरित असेल तर मालकाने स्वहस्ते खुलासा जोडायचा. मुद्दा सतरा."

खालून टायरच्या दुकानातला हवेचा पंप सुरू झाला आणि बंद पडला.

"आन न्हाई जोडला तर?"

"अर्ज अपूर्ण. एकतीसला झडपेला कुलूप. हॉपर बंद म्हणजे साचे बंद. दीड दिवस बंद राहिले तर काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे."

"पाकीट हरवलं व्हतं म्हून लिवतो."

"लिहा. पण बॅज लॅबने वाचलेत. हरवलेलं पाकीट पोस्टाने जात नाही."

"शिपायानं कुटंतरी ठिवलं आसंल."

"शिपायाचं नाव घाला. मंडळाची माणसं त्याला विचारतील. आणि किल्ली कोणाच्या कमरेला असायची तेही विचारतील."

अण्णासाहेबांचा हात नकळत कमरेकडे गेला. किल्ल्यांचा जुडगा अजून तिथेच होता. मग ते एकदम तडकले. "आरं, मला काय म्हाईत त्यो दुसरा बॅज आसला आसतोय म्हून? नाव न्हाई, गाव न्हाई. मला वाटलं जादाचा हाय, आसंल तसाच."

बोलून झाल्यावर त्यांना कळलं की आपण काय बोललो.

कबुली साहेबरावांनी अनेक तऱ्हेने कल्पिली होती. पण ती अशी, कंट्रोल बॅज ठाऊक नव्हता या तक्रारीच्या रूपाने येईल, असं त्यांना वाटलं नव्हतं. या माणसाला पश्चात्ताप होता तो फक्त आपल्या अडाणीपणाचा.

"तेच लिहा," ते म्हणाले आणि रेघांचा कागद पुढे ठेवला.

"तू सूड घेतोयस माझ्यावर."

"हो."

"आन नाव नियमाचं सांगतोस."

"दोन्ही आहे. नुसता सूड असता तर तुम्ही जिना चढला नसता."

अण्णासाहेबांनी पेन घेतलं. साहेबराव समोर उभे राहिले. पंधरा वर्षांपूर्वी केबिनमध्येही तेच उभे होते आणि लिहायला बाकावर वाकले होते. आज उभं राहणं त्यांनी स्वतः निवडलं होतं. ते सांगत गेले, अण्णासाहेब लिहीत गेले. दिवाळीच्या सुट्टीत बॅजचे पाकीट मी स्वतः मडक्याला टांगले. आमच्या कामगाराने झडप उघडी असताना काम केले नव्हते. त्याचा निष्काळजीपणा नव्हता.

तो शब्द आला तेव्हा साहेबराव टेबलावर वाकले. पंधरा वर्षं त्यांनी या एका अक्षराची वाट पाहिली होती. म्हातारा चुकणार, साधा श काढणार, आणि मग आपण कागद फाडणार. अण्णासाहेबांनी सावकाश, शाळकरी वळणाने पोटफोड्या ष काढला. पोट फोडणारी तिरकी रेघसुद्धा ठसठशीत.

"आमच्या मास्तरनी छड्या मारून शिकीवलाय," ते म्हणाले. आवाजात किंचित गुर्मी परत आली होती.

साहेबरावांनी कागद हातात घेऊन वरपासून खालपर्यंत वाचला. मग मधोमध फाडला.

"आता काय झालं? ष बराबर हाय."

"ष बरोबर आहे. नाव चुकलंय. 'आमच्या कामगाराने, खंडागळ्याने' असं लिहिलंय तुम्ही. मंडळाला खंडागळ्या नावाचा माणूस सापडणार नाही. श्री. साहेबराव खंडागळे. पूर्ण."

अण्णासाहेबांनी दुसरा कागद ओढला. 'श्री.' लिहिलं. पुढे पेन थांबलं. ते पाच अक्षरांचं नाव लिहायला त्यांना वाक्य लिहिण्याएवढा वेळ लागला. 'साहे' लिहून हात घसरला, त्यांनी खोडलं आणि वर पुन्हा लिहिलं.

"खाडाखोड चालत नाही," साहेबराव म्हणाले आणि तो कागदही फाडला. "पुन्हा लिहा."

तिसऱ्यांदा सगळं बरोबर आलं. अण्णासाहेबांनी सही करून शिक्का मारला. जाताना त्यांनी जयभीम म्हटलं नाही, नमस्कारही केला नाही. जिन्यावर काठी वाजत गेली. साहेबरावांनी कागदाला पंच केला, फायलीला लावला आणि पोचपावतीच्या वहीत वेळ लिहिली.

अर्ज मुदतीत पोचला. एप्रिलअखेर मंडळाचं उत्तर आलं. अर्ज पूर्ण आहे, पण सोबतच्या खुलाशावरून चौकशी आवश्यक आहे. चौकशी होईपर्यंत अण्णासाहेबांच्या नावाने परवाना देता येणार नाही. यंत्राची झडप बंद करून सील करावी. पत्राच्या शेवटी एक ओळ वेगळी होती: श्री. साहेबराव खंडागळे यांच्या नावावरील दोन हजार नऊचा आकडा रद्द समजावा.

सील करायला ज्ञानेश आणि साहेबराव निघोज्याला गेले. पंधरा वर्षांनी साहेबराव त्या गेटातून आत गेले ते खिशाला बॅज लावून. ज्ञानेशने मोजमाप घेतलं, साहेबरावांनी झडप बंद केली, कुलूप घातलं, सीलची तार आवळली. हॉपरखालचा पट्टा थांबला. एकेक करून साचे थांबले. एवढी शांतता त्या शेडमध्ये त्यांनी एकदाच ऐकली होती, त्या दीड दिवसात.

विक्की शेजारी उभा होता. सगळं त्याला आता ठाऊक होतं.

"काका, पहिल्या दिवशी मला सांगितलं असतं तर मीच ते पान काढून आणलं असतं. माफीपण मागितली असती."

"म्हणूनच नाही सांगितलं," साहेबराव म्हणाले.

विक्कीने मान खाली घातली. पोरगा वाईट नव्हता. साहेबरावांना ते दिसत होतं, आणि तरीही आपल्या उत्तरातला एक शब्द परत घ्यावा असं त्यांना वाटलं नाही.

केबिनच्या काचेमागे पांढरी टोपी दिसत होती. साहेबरावांनी हत्यारं पिशवीत भरली, ज्ञानेशला म्हणाले, "एक मिनिट," आणि अंगणाच्या कोपऱ्यात कॅन्टीनबाहेरच्या नळाकडे गेले. कट्ट्यावर ग्लास उपडे घातलेले होते. त्यांनी ग्लास घेतला नाही. नळ पुरा सोडला, वाकले आणि सरळ तोंड लावलं.

तहान नव्हती. तरी ते केबिनच्या काचेसमोर, पोटाला तडस लागेपर्यंत पाणी पीत राहिले.